नळ बसविला, आता निगा कोण राखणार?
वऱ्हाडातील शाळा, दवाखाने आणि मुलांचे आरोग्य

जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी ह्या दोन गावांची नावे राज्यभरातील वृत्तपत्रांत आली. चिखलदरा तालुक्यातील, मेळघाटच्या डोंगरांत वसलेली ही आदिवासी गावे. उघड्या विहिरीचे दूषित पाणी पिण्यात आल्यामुळे तेथे पटकीची, म्हणजेच कॉलराची, साथ उद्भवली. त्या आठवड्यात जाहीर झालेल्या शासकीय माहितीनुसार ७ जुलैपासून अमरावती जिल्ह्यात पाच जण दगावले आणि १८१ जणांना लागण झाली. ज्या रोगाचे कारण वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे आणि ज्यावरील उपाय अत्यंत स्वस्त आहे, त्या रोगाने एकविसाव्या शतकातही आपल्या जिल्ह्यात माणसे मरावीत ही खेदाची गोष्ट होय.

ह्या घटनेतील एक तपशील विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. गावासाठी पाणीपुरवठा योजना मुळीच नव्हती असे नाही. विजेचे देयक थकल्यामुळे योजनेचा वीजपुरवठा तोडण्यात आला होता आणि म्हणून ग्रामस्थांना उघड्या विहिरीकडे वळावे लागले, असे त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांत म्हटले होते. म्हणजे पाण्याची सोय होती, पण ती चालू नव्हती.

'सोय असणे' आणि 'सोय चालू असणे' ह्यांतील हे अंतर केवळ एका गावापुरते नाही. आपल्या शाळांत, अंगणवाड्यांत, दवाखान्यांत ते पदोपदी दिसते. शौचालय आहे, पण त्याला कुलूप आहे. हात धुण्याची जागा आहे, पण तोटी तुटलेली आहे. पाण्याची टाकी आहे, पण ती शेवटची केव्हा धुतली हे कोणालाच सांगता येत नाही. मुलांचे आरोग्य ह्याच अंतरात बिघडते. ते अंतर कशाने पडते आणि कशाने भरून निघते, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

वऱ्हाडच्या पाण्याचे दोन निरनिराळे प्रश्न

अमरावती व अकोला जिल्ह्यांत पाण्याचा प्रश्न सर्वत्र सारखा नाही. डोंगरातील प्रश्न वेगळा आणि सपाटीवरील वेगळा. दोन्हींवर एकच औषध चालत नाही.

मेळघाटात, म्हणजे धारणी व चिखलदरा ह्या तालुक्यांत, पाऊस भरपूर पडतो. परंतु डोंगरउतारावरून तो वाहून जातो आणि उन्हाळ्यात विहिरी, झरे व हापशा आटतात. लोक नाल्याकाठच्या झिऱ्यांवर येतात. पहिला जोराचा पाऊस आला की उघड्यावरची सारी घाण वाहत ह्याच झिऱ्यांत आणि कठडा नसलेल्या विहिरींत उतरते. म्हणून साथीचा काळ बहुधा पावसाळ्याच्या तोंडाचा असतो. येथील पाण्यात मुख्य शत्रू जंतू होत.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात चित्र अगदी निराळे आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या ह्या पट्ट्याला आपण 'खारपाणपट्टा' म्हणतो. सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर क्षेत्र आणि सुमारे ९०० गावे ह्या पट्ट्यात येतात. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर ह्या तालुक्यांतील वाचकांना त्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण एका लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालावे. खारपाणपट्ट्यातील अनेक विहिरींचे पाणी ही शेवटची मर्यादाही ओलांडते.

येथे एक सर्वसामान्य गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाणी उकळले की ते शुद्ध होते, अशी आपली समजूत असते. उकळल्याने जंतू मरतात हे खरे, परंतु क्षार जात नाहीत. उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. हीच गोष्ट नायट्रेटची. खतांमुळे आणि विहिरीजवळच्या उकिरड्यांमुळे नायट्रेट भूजलात उतरते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असून तिच्यात कोणतीही सवलत नाही. वरचे दूध घेणाऱ्या तान्ह्या बाळाला अशा पाण्यात कालवलेली पूड पाजली, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळसर पडते. पाणी उकळून पाजल्याचे समाधान आईला मिळते, पण बाळाचे रक्षण होत नाही. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध, पाण्याचा थेंबही नाही, हा वैद्यकीय सल्ला आपल्या भागात म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरतो.

तात्पर्य असे की, जंतूंवर क्लोरीन व उकळणे हा उपाय आहे, तर क्षारांवर स्रोत बदलणे किंवा क्षार गाळून काढणारे यंत्र बसविणे हाच उपाय आहे. अकोट-तेल्हाऱ्याकडील ८४ खेडी योजनेने वान धरणाचे गोडे पाणी आणले, तर खांबोऱ्याच्या ६४ खेडी योजनेने काटेपूर्णेचे पाणी आणले, ते ह्याच कारणासाठी. शाळांत हल्ली क्षार गाळणारी आर.ओ. यंत्रे बसविली जातात. ती उपयुक्त आहेत, परंतु त्यांतील पडदा ठरावीक काळाने बदलावा लागतो आणि बरेचसे पाणी अधिक क्षार घेऊन बाहेर पडते. ते पाणी झाडांना न घालता फरशी व शौचालय धुण्यास वापरावे. यंत्र बसविणाऱ्या दात्याचे नाव भिंतीवर कोरले जाते, पण पडदा केव्हा बदलला त्याची नोंद मात्र क्वचितच कोठे आढळते.

पावसाचे पाणी हा खारपाणपट्ट्यातील शाळांसाठी दुर्लक्षित पर्याय आहे. १०० चौरस मीटर छप्पर असलेल्या शाळेवर वर्षाकाठी ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के पाणी हाती लागले, तर ते ५६,००० लिटर होते. १०० मुलांना प्रत्येकी दोन लिटर पिण्यासाठी दिले, तर हे पाणी २८० दिवस पुरेल, म्हणजे शाळेच्या वर्षभरातील कामाच्या दिवसांहूनही अधिक. एवढे सगळे साठविणे शक्य नसले, तरी १०,००० लिटरच्या टाकीतही ५० दिवसांची तजवीज होते. मात्र पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, छप्पर व पन्हळी झाडून घ्याव्यात, टाकीला घट्ट झाकण व जाळी असावी आणि पिण्याआधी क्लोरीन घालावे. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जमिनीखालच्या टाक्याला तडे जाण्याचा धोका असतो. जमिनीवर चौथरा बांधून ठेवलेली टाकी येथे अधिक टिकते.

मुलाच्या शरीरात काय घडते

प्रौढ माणसाला दोन दिवस जुलाब झाले तर तो थकतो, पण बरा होतो. दोन वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी असते. त्याच्या लहानशा शरीरातील पाणी व क्षार काही तासांत धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. त्यातून ते वाचले तरी आजारपणात खाणे सुटते, खाल्लेले अंगी लागत नाही, वजन उतरते. वजन उतरलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, म्हणून पुढचे दुखणे लवकर येते. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले गेले, तेव्हापासून 'कुपोषण' हा शब्द ह्या भागाशी जोडला गेला आहे. कुपोषण म्हणजे केवळ अन्नाची उणीव नव्हे. ताटात पोषक आहार वाढला, पण पेल्यातले पाणी दूषित राहिले, तर त्या आहारातील बराच भाग जुलाबांवाटे वाया जातो.

जंतांचीही हीच रीत आहे. उघड्यावर शौच केल्याने जंतांची अंडी मातीत मिसळतात व अनवाणी पायांतून किंवा न धुतलेल्या हातांतून मुलाच्या पोटात जातात. शासनाच्या मोहिमेत १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळा व अंगणवाडीत जंतनाशक गोळी दिली जाते. ती अवश्य द्यावी. परंतु गोळीने पोटातले जंत पडतात, अंगणातले नाहीत. शौचालय व साबण ह्यांच्याविना ती गोळी म्हणजे गळक्या माठात पाणी भरण्यासारखे होय.

जुलाब लागलेच तर जलसंजीवनीची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून घोट-घोट पाजावी, अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावे आणि आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने १४ दिवस जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या द्याव्यात. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणी पिणे थांबले किंवा शौचातून रक्त पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा.

शाळेत काय असावे

शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलांसाठी व मुलींसाठी स्वतंत्र शौचालये आणि सर्व मुलांसाठी सुरक्षित पिण्याचे पाणी, ह्या गोष्टी त्या कायद्याच्या परिशिष्टातच आहेत. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सर्व शाळांना सहा महिन्यांत ह्या सुविधा पुरविण्याचा आदेश दिला. २०१४ पासून स्वच्छ विद्यालय मोहिमेतून देशभर शौचालये बांधली गेली. २ ऑक्टोबर २०२० रोजी शाळा व अंगणवाड्यांना नळजोडणी देण्याची शंभर दिवसांची मोहीम जलजीवन मिशनखाली सुरू झाली. म्हणजे कायदा आहे, आदेश आहे, योजनाही आहेत. उरतो तो रोजचा व्यवहार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाच्या शाळेत पिणे व हात धुणे ह्यांसाठी दरडोई रोज ५ लिटर पाणी हवे, आणि निवासी शाळेत २० लिटर. शौचालयात टाकावयाचे पाणी ह्याखेरीज. दर २५ मुलींमागे एक शौचकूप, तर दर ५० मुलांमागे एक शौचकूप व मुतारीची सोय, असेही प्रमाण त्या सूचनांत दिले आहे. मेळघाटातील आश्रमशाळांत व वसतिगृहांत मुले वर्षभर राहतात, त्यांच्या बाबतीत ह्या आकड्यांकडे विशेष लक्ष द्यावयास हवे.

आता हात धुण्याचा हिशेब पाहू. शालेय पोषण आहाराच्या वेळी १२० मुलांना हात धुवायचे आहेत. प्रत्येकाला अर्धा मिनिट लागतो असे धरले, तर एका तोटीवर पूर्ण एक तास जाईल. मधली सुट्टी संपून जाईल, तरी निम्मी मुले रांगेतच असतील. मग ती हात न धुताच ताटावर बसतात आणि आपण त्यांना अस्वच्छ म्हणतो. हाच एक लांब पाइप भिंतीला बसवून त्याला सहा तोट्या लावल्या, तर दहा मिनिटांत सर्वांचे हात धुऊन होतात. वास्तविक अडचण मुलांच्या वृत्तीत नसून तोट्यांच्या संख्येत असते. जेथे नळच नाही, तेथे दोरीला टांगलेला पाण्याचा डबा व पायाने दाबावयाची काठी एवढ्या साहित्यातही हात धुण्याची सोय होते. शाळा व पाळणाघरांत हात धुण्याची सवय लावल्यास जुलाबांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दिसून आले आहे. परंतु नुसते पाणी पुरेसे नाही, साबण हवाच. साबण चोरीला जातो ही शिक्षकांची तक्रार खरी असते. त्यावर साबण जाळीच्या पिशवीत घालून तोटीला बांधणे किंवा साबणाचे पाणी बाटलीत भरून ठेवणे, हे साधे उपाय आहेत.

पिण्याच्या पाण्याविषयी आणखी एक गोष्ट. टाकीतले पाणी शुद्ध असते आणि वर्गातल्या माठात येऊन बिघडते, असे वारंवार घडते. पन्नास हात दिवसभर त्या माठात पेला बुडवितात. तोटी असलेला माठ किंवा लांब दांड्याचे ओगराळे वापरले, की हा मार्ग बंद होतो.

मुलींचा प्रश्न

सहावी-सातवीच्या पुढे मुलींची शाळेतील उपस्थिती का रोडावते, ह्याची अनेक कारणे आहेत. त्यांतील एक कारण शाळेच्या शौचालयाच्या दाराला कडी नसणे हेही असते, आणि ते आपण फारसे बोलून दाखवीत नाही. मासिक पाळीच्या दिवसांत जेथे कपडा बदलण्यास आडोसा नाही, पाणी नाही, वापरलेले पॅड टाकण्यास झाकणाची बादली नाही, तेथे मुलगी चार दिवस घरीच राहते. दर महिन्याला चार दिवस बुडाले की गणिताचा धडा निसटतो, मग परीक्षा, आणि शेवटी शाळाच. काही मुली शाळेत शौचालयास जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. वऱ्हाडच्या एप्रिलमधील उन्हात हे किती घातक आहे, हे कोणाही आईला समजेल. कडी, आडोसा, पाणी, झाकणाची बादली आणि मोकळेपणाने बोलता येईल अशी एक शिक्षिका, एवढ्या गोष्टी प्रत्येक शाळेस शक्य आहेत.

शौचालय बांधताना मातीचा विचारही करावा लागतो. काळ्या मातीत पाणी मुरत नाही. इतरत्र चालणारा शोषखड्डा आपल्याकडे पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो आणि मग शौचालयाला कायमचे कुलूप लागते. अशा मातीत खड्ड्याभोवती सुमारे ३०० मिलिमीटर जाडीचा वाळू, खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा, असे बांधकामाचे मानक सांगते. दोन खड्डे असावेत. एक भरला की तो बंद करून दुसरा वापरात घ्यावा. बंद खड्ड्यातील मैल्याचे काही काळाने वासरहित खत होते. विहीर वा हापशीजवळ शोषखड्डा कधीही घेऊ नये.

दवाखान्यात पाणी म्हणजे अर्धे औषध

१८४७ मध्ये व्हिएन्ना येथील रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस ह्या डॉक्टरांनी एक निरीक्षण केले. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येत आणि त्या कक्षातील बाळंतिणी तापाने दगावत. त्यांनी सर्वांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्यास लावले. एप्रिल १८४७ मध्ये शंभरांपैकी सुमारे अठरा बाळंतिणी मृत्यू पावत होत्या, ते प्रमाण काही महिन्यांत दोनच्या आसपास आले. ते द्रव्य म्हणजेच आपल्या ग्रामपंचायतीत टीसीएल किंवा ब्लीचिंग पावडर म्हणून येते ते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी सिद्ध झालेली ही गोष्ट अजून सर्वत्र पोहोचलेली नाही. जगातील निम्म्या आरोग्यकेंद्रांत रुग्ण तपासण्याच्या जागी व शौचालयाजवळ हात धुण्याची मूलभूत सोय नाही, असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनी २०२२ च्या अहवालात नमूद केले.

बाह्यरुग्णाच्या प्रत्येक तपासणीमागे ५ लिटर, दाखल रुग्णास रोज ४० ते ६० लिटर आणि प्रत्येक बाळंतपणासाठी १०० लिटर पाणी लागते, असे ह्या संघटनेचे प्रमाण आहे. उपकेंद्रात रात्री बाळंतपण आले आणि टाकीत दोन बादल्या पाणी आहे, तर परिचारिका कितीही निष्णात असली तरी ती काय करणार? बाळाची नाळ कापणारे हात, ती पाती, ज्या टेबलावर आई झोपते तो पृष्ठभाग, सारे धुतलेले असावयास हवे. नवजात बाळाला होणारा जंतुसंसर्ग पुष्कळदा येथूनच सुरू होतो. म्हणून दवाखान्याच्या टाकीत किमान दोन दिवसांचा साठा राहील आणि वीज गेली तरी पाणी मिळेल, अशी व्यवस्था हवी.

कचऱ्याचेही तसेच. २०१६ च्या नियमांप्रमाणे जंतुबाधित कचऱ्यासाठी पिवळा, प्लॅस्टिकसाठी लाल, सुया व धारदार वस्तूंसाठी पांढरा आणि काचेसाठी निळा, असे वेगवेगळे डबे ठेवावे लागतात. वापरलेली सुई दवाखान्यामागच्या उकिरड्यात गेली, तर ती सापडते खेळणाऱ्या मुलालाच.

विहिरीचा हिशेब

पिण्याच्या विहिरीत किती पावडर घालावी, हे गावातील किमान दोन-चार माणसांना यावयास हवे. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजावा, त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने व ३.१४ ने गुणावे आणि चारने भागावे. उत्तर घनमीटरमध्ये येते, आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. व्यास ३ मीटर व पाणी ४ मीटर असेल, तर विहिरीत सुमारे २८,००० लिटर पाणी आहे. चांगल्या प्रतीची पावडर असल्यास १,००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम लागते, म्हणजे ह्या विहिरीस सुमारे ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल वा साथ असेल तर अधिक लागते, त्याचे प्रमाण आरोग्य कर्मचाऱ्यास विचारावे. पावडर बादलीत कालवून निवळ ठेवावी, चुन्याचा गाळ तळाशी बसू द्यावा व वरचे पाणी विहिरीत सोडावे. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी उपसू नये. अर्ध्या तासाने तपासणीत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले दिसले, तर काम झाले असे समजावे.

येथेही निगेचाच प्रश्न येतो. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. पोते उघडे राहिले, ओल लागली, की ते उडून जाते. मग पावडर टाकल्याची नोंद वहीत होते, पण पाण्यात मात्र नुसता चुना पडतो. आरोग्य विभाग पावसाळ्याच्या आधी व नंतर ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांची पाहणी करून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. आपल्या गावाला कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले आहे, हे ग्रामसभेत विचारण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. क्षार, नायट्रेट व फ्लोराइड ह्यांची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते.

खराट्याचा वारसा

निगेचे हे मर्म वऱ्हाडला कोणी बाहेरून येऊन शिकवावे असे नाही. संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे, खारपाणपट्ट्याच्याच मुलखात गेले. गावात शिरले की ते आधी खराटा हाती घेत, दिवसभर रस्ते झाडत आणि मग रात्री त्याच गावात कीर्तन करीत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा राज्यातील हजारो गावांनी स्वतःच्या श्रमाने आपले रस्ते व गटारे स्वच्छ केली.

बाबांच्या खराट्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, झाडणे हे एकदाच करून संपत नाही, ते रोज करावे लागते. दुसरी, ते कोणा एका जातीचे काम नाही. शाळेचे शौचालय कोण धुणार, हा प्रश्न आला की आजही काही ठिकाणी नजर ठरावीक मुलांकडे किंवा मुलींकडे वळते. हा त्या मुलांचा अपमान आहे आणि बाबांच्या शिकवणीचाही. सफाईसाठी मानधन देऊन माणूस नेमावा, त्याला हातमोजे, बूट व साहित्य द्यावे. समग्र शिक्षा योजनेतून शासकीय शाळांना मिळणाऱ्या एकत्रित अनुदानातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करण्याची तरतूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनी ह्या रकमेचा हिशेब आवर्जून मागावा.

आपल्याकडून काय अपेक्षित आहे

अमरावती धर्मप्रांताची स्थापना १९५५ मध्ये झाली. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशिम ह्या जिल्ह्यांत शाळा, वसतिगृहे व दवाखाने चालविण्याचा वारसा आपल्याला लाभला आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात सुरक्षित पिण्याचे पाणी हा मूलभूत व सार्वत्रिक मानवी हक्क असल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतर व्हॅटिकनने पुढाकार घेऊन २३ देशांतील सुमारे १५० कॅथलिक आरोग्यकेंद्रांतील पाणी व स्वच्छतेची पाहणी हाती घेतली. पाहणीची सुरुवात स्वतःच्या घरापासून केली, ही त्यातील अनुकरणीय गोष्ट. लहानांतल्या एकाला दिलेला गार पाण्याचा पेला वाया जात नाही, हे प्रभूचे वचन आपण जाणतो. पेला देताना त्यातले पाणी शुद्ध आहे ना, हे पाहणे हाही त्या वचनाच्या पालनाचाच भाग होय.

म्हणून प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या शाळेत, दवाखान्यात व गावच्या अंगणवाडीत जाऊन पाच प्रश्न विचारावेत. आज तोटीला पाणी आहे काय? हात धुण्याच्या जागी साबण आहे काय? मुलींच्या शौचालयाला आतून कडी आहे काय व ते उघडे आहे काय? टाकी शेवटची केव्हा धुतली आणि क्लोरीन केव्हा तपासले, ह्याची तारीख भिंतीवर लिहिली आहे काय? आणि ह्या सर्वांची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचे नाव सर्वांना ठाऊक आहे काय? ह्या प्रश्नांसाठी अभियंता लागत नाही, अर्धा तास पुरतो. उत्तर 'नाही' आले तर दोष देत बसू नये. तुटलेली तोटी आपल्यातला नळकारागीर बसवून देऊ शकतो, साबणाचा महिन्याचा खर्च एक कुटुंब उचलू शकते, थकलेल्या वीजदेयकाचा विषय आपण ग्रामसभेत मांडू शकतो.

नवी टाकी बांधली की उद्घाटन होते, फीत कापली जाते, छायाचित्र निघते. ती टाकी दर महिन्याला धुणाऱ्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. तरीही मुलांचे प्राण त्याच्याच हाती असतात. येत्या पावसाळ्याआधी आपल्या शाळेत व दवाखान्यात असे एक नाव निश्चित करावे आणि त्याच्या पाठीशी सारा धर्मग्राम उभा राहावा, ही नम्र विनंती.